तीनशे रुपयांत घर चालायचं ते कसं? जुन्या आणि नव्या पुण्याचा हिशेब

"वडिलांना १९७० साली तीनशे रुपये पगार होता, आणि त्यात सात माणसांचं घर चालायचं." पुण्यातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हे वाक्य ऐकायला मिळतं. त्याच्या पाठोपाठ येतं, "पैसा नव्हता, पण सुख होतं हो." पहिलं वाक्य सरळ मोजता येतं. दुसरं तसं मोजता येत नाही, पण त्याचे तुकडे केले तर बरेचसे तुकडे तराजूत बसतात. आर्थिक प्रगतीनं आयुष्य सुधारलं की बिघडलं, या वादात दोन्ही बाजू बहुधा वेगवेगळे तुकडे हातात घेऊन भांडत असतात.

आधी तीनशे रुपयांचं बघू.

जुना रुपया आजच्या रुपयात

जुन्या पगाराची आजची किंमत काढायला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक सोयीचा पडतो. महागाई भत्ता ठरतो तो याच आकड्यावर, त्यामुळे नोकरदार घरांना तो ओळखीचा असतो. एका ठरावीक टोपलीतल्या वस्तू (धान्य, तेल, कापड, भाडं, प्रवास, औषधं) घ्यायला पायाभूत वर्षात १०० रुपये लागत असतील, तर आज किती लागतात, एवढंच तो सांगतो.

अडचण अशी की दर पंधरा-वीस वर्षांनी टोपली बदलते आणि आकडा पुन्हा १०० वर येतो. १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी ही पायाभूत वर्षं आहेत. नवी मालिका जुनीला जोडण्यासाठी सरकार गुणक देतं: २०१६ वरून २००१ वर जायला २.८८, २००१ वरून १९८२ वर जायला ४.६३ आणि १९८२ वरून १९६० वर जायला ४.९३.

डिसेंबर २०२४ चा निर्देशांक १४३.७ होता. त्याला तिन्ही गुणकांनी ओळीनं गुणा. १४३.७ × २.८८ × ४.६३ × ४.९३ म्हणजे साधारण ९,४४७. टोपलीला १९६० साली १०० रुपये लागत होते, तिथे आता ९,४४७ लागतात. १९७०-७१ चा निर्देशांक त्याच १९६० च्या पायावर १८६ होता. ९,४४७ ला १८६ नं भागलं की ५०.८ येतात. म्हणजे १९७० चा एक रुपया आजच्या सुमारे ५१ रुपयांच्या बरोबरीचा, आणि ते तीनशे रुपये आजचे १५,२०० च्या आसपास.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, मधला गुणक विसरणं. सगळेच गुणक विसरून १४३.७ ला १८६ नं भागलं तर १९७० पासून स्वस्ताई झाली असं उत्तर येतं, आणि असं गणित आत्मविश्वासानं मांडणारे लोक भेटतात. दुसरी चूक सोन्याची. १९७० च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं १८५ रुपयांच्या आसपास होतं आणि २०२४ च्या अखेरीस ७६ हजारांच्या, म्हणजे चारशे पटींहून जास्त. तीनशे रुपये सोन्यातून आणले तर आजचे सव्वा लाख होतात आणि तेव्हाचा कारकून एकदम साहेब ठरतो. पण सोनं कोणी जेवत नाही. आणि जुना भाव तोळ्याचा (११.६६ ग्रॅम) की दहा ग्रॅमचा, हेही बहुतेकांना आठवत नसतं.

तिसरी चूक गणिताची नसून पायरीची असते, आणि सगळ्यांत मोठी तीच. १९७० साली महिन्याला ठरावीक पगार, पेन्शन आणि पेठेत भाड्याची जागा असलेला माणूस त्या काळच्या मानानं वरच्या पायरीवर होता. त्याची तुलना आजच्या सरासरी माणसाशी केली की जुना काळ उजळ दिसणारच. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न ज्या खर्चात परवडतं, ती रेषा त्यांनी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये आणि खेड्यात पंधरा. एवढी खाली धरलेली रेषासुद्धा शहरातल्या जवळपास निम्म्या आणि खेड्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांना गाठता येत नव्हती. वरच्याच रीतीनं ते साडेबावीस रुपये आजच्या पैशांत आणले तर २,१२५ होतात. २०२३-२४ च्या सरकारी खर्च पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. सरासरी आणि गरिबीची रेषा या एका जातीच्या गोष्टी नाहीत, तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवू नयेत. पण जमीन किती वर सरकली याचा अंदाज येतो.

ताटात काय होतं

"तेव्हाचं तूप, तेव्हाचं दूध" हे दुसरं आवडतं प्रकरण. १९५०-५१ मध्ये देशात माणशी दिवसाला सुमारे १३० ग्रॅम दूध उपलब्ध होतं, २०२२-२३ मध्ये ४५९ ग्रॅम. तेव्हा ज्यांच्या घरी म्हैस होती त्यांना दूध भरपूर मिळायचं यात शंका नाही. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्या आठवणी पंगतीत फारशा येत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो (एक प्रकारची ज्वारी) आणि कामावर वाटलेली सुकडी खाऊन महाराष्ट्रानं दिवस काढले. रोजगार हमीची कामं तेव्हाच मोठ्या प्रमाणावर निघाली.

घर किती सुस्थितीत आहे हे ओळखायची एक जुनी खूण आहे: एकूण खर्चातला किती भाग जेवणावर जातो ते पाहणं. गरीब घरात तो जास्त असतो, कमाई वाढते तसा घटत जातो. १९७२-७३ मध्ये देशातल्या शहरी घरांचा ६४.५ टक्के खर्च अन्नावर जात होता, खेड्यांत ७२.९ टक्के. २०२३-२४ मध्ये हेच आकडे शहरात ३९.७ आणि खेड्यात ४७ आहेत. नुसतं धान्य घेतलं तर फरक अजून ठळक दिसतो. १९७२-७३ मध्ये खेड्यातल्या शंभर रुपयांतले चाळीस धान्यालाच जात; आता पाचच्या आत.

मात्र सगळंच वर गेलं असं नाही. डाळीचं उलट झालं. १९५१ मध्ये माणशी दिवसाला ६०.७ ग्रॅम डाळ उपलब्ध होती, २००० साली ३१.८. गहू-तांदळाला हमीभाव, पाणी आणि संशोधन मिळालं; डाळी कोरडवाहूवर राहिल्या, आणि लोकसंख्या मात्र वाढत गेली. पुढे आकडा थोडा सावरला, पण १९५१ ची पातळी गाठली गेली नाही. "आमच्या आमटीत डाळ असायची" म्हणणाऱ्या आजी या एका बाबतीत सरकारी तक्त्याइतक्याच बरोबर आहेत.

रुपये सोडा, तास मोजा

निर्देशांकाची एक मर्यादा आहे. जी वस्तू तेव्हा नव्हतीच, तिची तेव्हाची किंमत कुठून आणणार? थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं गेले. वय सत्तावीस. पुण्याचा सगळा खजिना हाताशी असूनही त्यांना जे विकत घेता आलं नाही, ते आज महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतं: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. (दोन महिन्यांत बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतो आणि जास्त त्रासाचा होतो. क्षयरोगात आजही घोळ होतो तो बहुतेक इथेच.) प्रतिजैविकं देशात बनवायची म्हणून सरकारनं १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तो पिंपरीत. पेशव्यांच्या वाड्यापासून हाकेच्या नाही, तरी घोड्यावरून तासाभराच्या अंतरावर.

म्हणून अर्थशास्त्रज्ञ दुसरी मोजपट्टी वापरतात: एक गोष्ट मिळवायला किती तास काम करावं लागतं. विल्यम नॉर्डहाउस यांनी प्रकाशाचा असा हिशेब केला. ठरावीक प्रकाशासाठी बाबिलोनमधल्या तेलाच्या दिव्याला चाळीसहून अधिक तासांची मजुरी लागायची, १८०० सालच्या मेणबत्तीला पाच तासांहून जास्त. १९९२ च्या बचत दिव्याला एका सेकंदापेक्षाही कमी.

आपल्याकडे हेच करून बघू. रॉकेलच्या चिमणीचा उजेड दहा ल्यूमेनच्या आसपास (ल्यूमेन हे उजेडाचं माप). नऊ वॉटच्या एलईडीचा नऊशे, म्हणजे नव्वद चिमण्या. तो दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतेरा रुपये. नव्वद चिमण्यांचं रॉकेल, काजळी आणि डोळ्यांचं पाणी यांचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

दळण हे त्याहून चांगलं उदाहरण आहे, कारण ते जुन्या काळाच्या गोड आठवणींत मोडतं. पाच-सहा माणसांच्या घराला रोज दोन किलो पीठ लागायचं आणि जात्यावर त्याला साधारण तास जायचा, तोही पहाटेचा. वर्षाचे ३६५ तास, म्हणजे आठ तासांचे पंचेचाळीस दिवस. आज तासाला शंभर रुपये कमावणाऱ्याला दोन किलोचं दळण बारा मिनिटांच्या कमाईत पडतं. जात्यावरच्या ओव्या हा मराठीचा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातूनच लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्यांत सासुरवासाचं आणि कष्टाचं एवढं का भरलंय, हे ते पंचेचाळीस दिवस समोर ठेवले की कळतं.

पाण्याचंही तसंच. पाच माणसांना अगदी हात आखडून माणशी पन्नास लिटर धरलं तरी रोज अडीचशे लिटर. हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे सतरा खेपा. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळानं पाणी शहरातल्या हौदांत यायचं आणि त्या काळात ती मोठीच सोय होती. पण हौदापासून माजघरापर्यंत ते कोणाच्या तरी कमरेवरूनच जायचं.

हे तास बहुतेक एकाच माणसाचे असत, आणि त्याला पगार नसे. म्हणून ते उत्पन्नाच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. चक्की, नळ, गॅस आणि मिक्सरनं जे दिलं त्याची नोंदही म्हणूनच कमी होते. आणि काम पूर्ण संपलं असंही नाही: २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, ते करणारे पुरुष ८८. यंत्रं आली; वाटणी फारशी हलली नाही.

जे आठवण सांगायला उरलेच नाहीत

जुन्या काळाच्या चर्चेतला सगळ्यात मोठा गोंधळ असा की ती जगलेल्यांकडून ऐकायला मिळते.

१९४१ ते ५१ या दशकात भारतीय माणसाचं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आज ते ७० च्या घरात आहे. त्याआधी, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या दशकात, ते वीसच्या आसपास घसरलं होतं. याचा अर्थ माणसं बत्तिसाव्या वर्षी पटापट मरत असा नाही. "पण आमचे पणजोबा नव्वद वर्षं जगले" हा प्रतिवाद याच गैरसमजातून येतो. दहा जणांतले तिघे वर्षाच्या आत गेले आणि सात जण साठपर्यंत जगले, तर सरासरी बेचाळीस येते. आकडा खाली ओढतात ती लहान मुलं.

१९७१ मध्ये देशात जन्मलेल्या हजार मुलांतली १२९ वर्षाच्या आत जात. आठातलं एक. त्या काळात बाईला सहा मुलं होणं सर्रास. प्रत्येक मूल वाचण्याची शक्यता ०.८७१ धरली आणि ती सहा वेळा गुणली तर ०.४४ येते. म्हणजे सहा बाळंतपणं झालेल्या शंभर बायांपैकी सुमारे छपन्न जणींनी निदान एक तान्हं मूल गमावलेलं असणार. ही अपवादाची गोष्ट नव्हती, निम्म्याहून जास्त घरांची होती. २०२० मध्ये देशाचा आकडा हजारी २८ होता, महाराष्ट्राचा १६. दोन मुलं असलेल्या आईसाठी देशाच्या आकड्यानं तेच गणित केलं तर शंभरात पाच-सहा.

हे कशामुळे झालं, इथे मात्र "आर्थिक प्रगती" या शब्दाची झडती घ्यायला हवी. उत्पन्न वाढलं म्हणून मुलं वाचली, हे अर्धंच खरं. उत्पन्न तेवढंच असतानाही देशोदेशी आयुर्मान वाढत गेलं, कारण ज्ञान पसरलं. लस, क्लोरीन टाकलेलं पाणी, झाकलेली गटारं, प्रशिक्षित दाई. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये सापडला, पोलिओचा जानेवारी २०११ मध्ये. जुलाबावरचा उपाय तर हसू येईल इतका स्वस्त: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखरेमुळे आतड्याला मीठ आणि पाणी शोषता येतं, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच तऱ्हेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्यातलं मरण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं. श्रीमंती त्यात कुठेच नव्हती.

उलटंही खरं आहे. पैसा आला म्हणून सगळं आपोआप सुधारत नाही. महाराष्ट्र श्रीमंत राज्यांपैकी एक, तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली होती. आधीच्या पाहणीत हाच आकडा ३४.४ होता. दरम्यानच्या काळात मोबाईल, मोटारी आणि मॉल किती वाढले ते सांगायला नको.

साथींचं थोडक्यात. १८९७ च्या प्लेगात पुणं रिकामं झालं होतं. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगानं गेल्या. गावाबाहेर झोपड्या टाकून राहणं हा तेव्हाचा सगळ्यांत परिणामकारक उपाय होता.

कारखान्यात न बनणाऱ्या गोष्टी

इथपर्यंत पारडं आजच्या बाजूला झुकलेलं आहे. आता दुसरी बाजू, आणि ती "तेव्हा माणुसकी होती" याच्यापेक्षा बरीच ठोस आहे.

ज्या गोष्टी जास्त बनवता येतात त्या स्वस्त झाल्या: दिवे, कापड, पीठ, औषध, फोन. ज्या बनवता येत नाहीत त्या महाग झाल्या. कामाच्या जवळची जागा ही त्यातली पहिली. कर्वे रस्त्यावर जमीन वाढवता येत नाही. सगळ्यांचे पगार दुप्पट झाले तर तिथल्या घराच्या बोलीही दुप्पट होतात आणि राहणारी माणसं तेवढीच राहतात. ५० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ४३,३९१ रुपये आणि एकूण परतफेड १ कोटी ४ लाख. ज्याला तो झेपत नाही तो दूर सरकतो, आणि दुरीची किंमत मग वेळेत मोजतो.

ती किती, ते मांडून पाहू. घर कामापासून दहा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस जाऊन-येऊन, म्हणजे पाचशे किलोमीटर. दुचाकी लाखाची, आठ वर्षं टिकली तर महिन्याला सुमारे १,०४०. पेट्रोल पन्नासच्या सरासरीनं दहा लिटर, तेही १,०४० च्या आसपास. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून पाचशे. एकूण २,६०० रुपये. पगार वीस हजार असेल आणि महिन्याला दोनशे तास काम, तर तासाची कमाई शंभर. म्हणजे गाडीसाठी सव्वीस तास राबायचं. गर्दीत ताशी वीसचा वेग धरला तर प्रत्यक्ष प्रवास पंचवीस तास. पाचशे किलोमीटरला एकूण एक्कावन्न तास: खरा वेग ताशी दहाच्याही किंचित खाली.

आता सायकल. दहा हजारांची, आठ वर्षं, पंक्चर-ब्रेक धरून महिन्याला दोनशे रुपये, म्हणजे दोन तासांची कमाई. ताशी चौदाच्या वेगानं छत्तीस तास. एकूण अडतीस. खरा वेग तेरा. लाखभर पगार असणाऱ्याला दुचाकी परवडते, त्याचा खरा वेग साडेसोळाच्या वर जातो. वीस हजारवाल्याचा सायकलपेक्षा कमी पडतो. एकच गाडी, एकच रस्ता, पण प्रगती दोघांच्या वाट्याला सारखी येत नाही.

चारचाकीवाल्यांनी हसू नये. शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या २०२४ च्या टॉमटॉम निर्देशांकात पुणं जगातल्या सर्वांत मंद शहरांत चौथं होतं: दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी अठरा. पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलींच्या रांगा जायच्या, त्यांचा वेग फार मागे नव्हता. मग सायकल का नाही? कारण तेव्हाचा रस्ता आता नाही, आणि तेव्हाचं अंतरही नाही. शहराच्या एका टोकाला वाघोलीत घर आणि दुसऱ्या टोकाला हिंजवडीत नोकरी असेल तर सायकलीचा सल्ला देणारा थट्टा करतोय असं वाटतं. गाडीनं शहर पसरवलं, आणि पसरलेल्या शहरात गाडीवाचून चालेना झालं.

वाड्यांच्या स्वस्त भाड्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते "जुनं सुख" फुकट नव्हतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं बरीच भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला दिलासा मिळाला. मालकाच्या हातात दहा-पंधरा रुपये येऊ लागले. तेवढ्यात कौलं बदलायची कशी? मग तुळया कुजल्या, भिंतींना पिंपळ फुटले, आणि शेवटी बिल्डर आला. आठवणीतला वाडा स्वस्त होता तो मालकानं न केलेल्या डागडुजीच्या जोरावर.

वाढलेलं उत्पन्न, की वाढलेली भरपाई

राष्ट्रीय उत्पन्नात एक खोड आहे: व्यवहार झाला की तो धरला जातो, कशासाठी झाला ते विचारलं जात नाही. विहीर चांगली असताना पाणी फुकट, उत्पन्नात शून्य. विहीर नासली आणि सोसायटीनं टँकर मागवला की उत्पन्न वाढलं. घरात आरओ बसवला, पुन्हा वाढलं. पोटाच्या विकारासाठी दवाखाना, आणखी वाढलं. आधी जे होतं तेच परत मिळवायला केलेला हा खर्च, पण तक्त्यात तो प्रगतीच्या रकान्यात बसतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठवण असलेल्या शहराच्या कडेला टँकरची रांग लागते, आणि मुळा-मुठेत पोहायला शिकण्याची गोष्ट नातवंडांना खोटी वाटते. नदी गेल्याचा तोटा कुठल्याच वहीत मांडलेला नाही.

शरीरावरही असाच उधारीचा हिशेब आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. इथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. पण वजन इतकं कमी असूनही चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीला सरावलेल्या अशा शरीरासमोर तीस वर्षांत भरल्या ताटाचं आणि बैठ्या कामाचं आयुष्य आलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. जुनी गरिबी आणि नवी सुबत्ता एकाच रक्तात भेटली की हे होतं. यात एकट्या पिझ्झाला दोष देणं सोपं आहे, इतकंच.

घरी करून बघायचं असेल तर

एक वर्ष निवडा, "पूर्वी" नको. त्या वर्षीचा घरातला पगार शोधा. पोस्टाचं पासबुक किंवा जुनी पावती असेल तर आठवणीपेक्षा बरी. वर दिलेल्या पद्धतीनं तो आजच्या पैशांत आणा. मग त्याच पायरीवरचं आजचं माणूस धरा: गिरणीकामगाराला कंत्राटी कामगार, कारकुनाला कारकून. नातू सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्याला आजोबांसमोर उभं करू नका, ती पायरी बदलली आहे.

नंतर चार प्रश्न. घरात किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं मोठी झाली? महिन्याच्या खर्चातलं जेवणावर किती गेलं? कामाला जायला-यायला रोज किती मिनिटं लागायची? पाणी, सरपण, दळण यांत किती तास जायचे? एवढं लिहिताना दोन कागद घ्या, एक आजोबांचा आणि एक आजीचा. पहिल्या प्रश्नाला आजोबा बहुतेक वेळा चुकीचा आकडा सांगतात.